"आम्हाला त्रास होतो" एवढं म्हटलं की दुसऱ्याला अडवता येतं का? व्यक्तिस्वातंत्र्याची हद्द ठरवायची कशी?

उत्तररात्र:

नमस्कार मंडळी. एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय, नीट मांडता येतेय का बघते.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक जण रात्री उशिरापर्यंत मोठ्या आवाजात गाणी लावायचा. कोणी बोलायला गेलं की "माझं घर आहे, मी काय करायचं ते मी ठरवीन". शेवटी मीटिंग बोलावली, सगळ्यांनी त्याला सांगितलं, मीही सांगितलं, की बाबा तुला स्वातंत्र्य आहे ना, पण त्याचा बाकीच्यांना त्रास होतोय, समाजात राहायचं तर एवढं पाळावं लागतं. त्याने ऐकलं. इथपर्यंत ठीक.

पण त्याच मीटिंगमध्ये लगेच दुसरा विषय निघाला. दोन नोकरी करणाऱ्या मुली भाड्याने राहतात, त्या उशिरा येतात, सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे मित्र-मैत्रिणी येतात, तर "याचाही आम्हाला त्रास होतो, वातावरण बिघडतं, समाजात राहायचं तर एवढं पाळावं लागतं". म्हणजे पाच मिनिटांपूर्वी जे वाक्य सगळ्यांना पटलं होतं तेच उचलून त्या मुलींवर लावलं, आणि बऱ्याच जणांनी माना पण डोलावल्या. मला आतून ठाम वाटतंय की या दोन गोष्टी एक नाहीत. पण का नाहीत हे मला मुद्देसूद हवंय, कारण "काळ बदललाय" एवढ्याने समोरचा गप्प बसत नाही आणि बसूही नये.

आपलं स्वातंत्र्य दुसऱ्याचं सुरू होतं तिथे संपतं असं शाळेपासून ऐकतोय. पण दुसऱ्याचं कुठे सुरू होतं हे ज्याचं त्याने ठरवायचं म्हटलं तर मला घराबाहेर पाऊलच टाकता येणार नाही, कोणाला ना कोणाला काही ना काही खटकतंच. मग खटकणं आणि नुकसान होणं यात रेघ कुठे मारायची? आणि ती मारायचा अधिकार कोणाचा? वाचलेल्या, विचार केलेल्या लोकांनी प्लीज लिहा.

मोकळीवाट:

प्रश्न अगदी नेमका पकडलाय तुम्ही, आणि हा वाद जुना आहे त्यामुळे बरंच काही विचार करून ठेवलेलं आहे. १७८९ च्या, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या हक्कांच्या जाहीरनाम्याचं चौथं कलमच हे आहे की दुसऱ्याला अपाय न होता जे काही करता येतं ते करता येणं म्हणजे स्वातंत्र्य, आणि त्याची हद्द ठरवायची ती फक्त कायद्याने. मग १८५९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या इंग्लिश तत्त्वज्ञाने 'ऑन लिबर्टी' (स्वातंत्र्याबद्दल) हे पुस्तक लिहिलं, त्यात त्याने ते अजून घट्ट केलं. सज्ञान माणसाला त्याच्या मनाविरुद्ध अडवायला एकच कारण चालेल, दुसऱ्याला होणारी इजा टाळणं. "त्याच्याच भल्यासाठी" हे कारण पुरत नाही. त्याला समजवा, विनवण्या करा, वाद घाला, पण जबरदस्ती नको.

आता तुमच्या दोन केसेस. मी अशा वेळी एक कसोटी लावतो, ज्याला त्रास होतोय त्याची मतं तात्पुरती बाजूला काढून बघायचं की त्रास उरतो का. रात्रीच्या आवाजाने झोप उडते ती सगळ्यांची उडते, गाणं आवडणाऱ्याचीही, नावडणाऱ्याचीही, तान्ह्या बाळाचीही, त्या बाळाला तर कसलंच मत नाही. म्हणजे त्रास त्या आवाजातच आहे. उलट त्या मुली उशिरा येतात याचा त्रास फक्त त्यालाच होतो ज्याच्या मनात "मुलींनी उशिरा येऊ नये" हे आधीपासून बसलेलं आहे, ते मत काढलं की त्रास शून्य. त्यांनी कोणाचं काहीही घेतलेलं नाही. हां, त्यांचे मित्र जिन्यात आरडाओरडा करत असतील तर तो आवाज झाला, त्याला जो नियम गाणीवाल्याला लावला तोच लावा, पण मग तेवढाच लावा, त्यात चारित्र्य वगैरे आणायचं काम नाही.

मिलने हा मुद्दा फार जबरदस्त मांडलाय. तो म्हणतो स्वतःच्या मतावर जगण्याची माझी ओढ आणि मी तसं जगतो म्हणून दुसऱ्याला येणारा राग, यांना सारखं वजन देताच येत नाही, जसं पाकीट चोरायची चोराची इच्छा आणि ते स्वतःकडे ठेवायची मालकाची इच्छा एका तागडीत घालता येत नाही. मला वाटतं तुमच्या मीटिंगमध्ये नेमकं हेच झालं, दोन इच्छा सारख्याच धरल्या गेल्या.

एक मात्र आहे, रेघ एकदा मारली की कायमची तिथेच राहते असं नाही, पुरावा आला की हलते. सिगरेटचं बघा. पूर्वी दुसऱ्याच्या धुराबद्दल तक्रार केली तर ती नाजूकपणात जमा व्हायची. १९८१ मध्ये जपानमधला एक मोठा अभ्यास आला, सिगरेट ओढणाऱ्या नवऱ्यांच्या न ओढणाऱ्या बायकांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसला. मग १९८६ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यप्रमुखाचा, दुसऱ्याच्या धुरावरचा रिपोर्ट आला. २००४ मध्ये आयर्लंडने कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांवर, अगदी पबमध्येसुद्धा, सिगरेट बंद केली, असं देशभर करणारा तो पहिला देश. ओढणारा माणूस तोच होता, त्याची सवय तीच होती, फक्त शेजारी बसलेल्याचं काय होतं ते आता मोजता येत होतं. म्हणून "वातावरण बिघडतं" म्हणणाऱ्यांना शांतपणे एवढंच विचारा, काय बिघडलं, कोणाचं, दाखवा.

साधामाणूस:

वर लिहिलंय ते वाचायला फार सरळ वाटतं पण माणसं अशी सुटी सुटी जगत नाहीत हो. "फक्त स्वतःपुरतं" असं आयुष्यात किती असतं सांगा? माझ्या ओळखीत एकाने दारूपायी स्वतःला संपवलं, तो पण शेवटपर्यंत हेच म्हणायचा, माझं शरीर, माझा पैसा, तुम्ही कोण? त्याच्या मागे बायको, मुलं, म्हातारी आई, त्यांनी जे भोगलं ते कुठल्या खात्यात टाकणार? त्याने कोणाला हात लावला नाही, कोणाचं काही चोरलं नाही, तुमच्या कसोटीत तो स्वच्छ सुटतो.

सीटबेल्ट घ्या. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये तो बांधायची सक्ती केली, आणि नंतर एकेक करत जगभर झाली. बेल्ट नाही बांधला तर मरणारा मीच ना, मग मिलसाहेबांच्या हिशोबाने सक्ती चुकीची म्हणायची का? त्याने वाचलेली माणसं समोर फिरतायत, त्यांच्या घरच्यांना जाऊन विचारा.

आणि मनाला होणारा त्रास खोटा असतो हे मला मान्य नाही. जी गोष्ट आपण आयुष्यभर पवित्र मानली तिची कोणी चारचौघात टर उडवली तर जे होतं ते खरंच होतं, ते मोजायचं मशीन नाही म्हणून ते नाहीच असं कसं म्हणता? त्या दोन मुलींबद्दल मला काही म्हणायचं नाही, त्यांना त्यांचं जगू द्यावं हे मलाही पटतं. पण मला भीती वेगळीच आहे. प्रत्येकाने "मला काय त्याचं" म्हणत दार लावून घेतलं तर ज्या दिवशी खरंच कोणाला गरज असेल त्या दिवशी दार उघडणारं कोण राहील? आम्ही लहान असताना शेजारी कान धरायचे, तेच शेजारी आजारपणात रात्रभर उशाशी बसायचे. एक हवं आणि दुसरं नको असं जमेल का हे मला खरंच माहीत नाही.

काळाकोट:

साधामाणूस यांचा मुद्दा हलका नाही. इंग्लंडमध्ये हीच चर्चा फार गंभीरपणे झालेली आहे. १९५७ मध्ये वुल्फेंडन समितीचा रिपोर्ट आला की दोन सज्ञान पुरुषांनी संमतीने, खासगीत ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा मानू नयेत, खासगी नीती-अनीतीचा एक भाग असा राहिलाच पाहिजे जो कायद्याचा विषयच नाही. त्यावर लॉर्ड डेव्हलिन या न्यायाधीशाने १९५९ मध्ये उलट बाजू मांडली की समाज सामायिक नीतीवरच उभा असतो, ती सैल झाली तर समाज विस्कटतो, म्हणून नीतीचं रक्षण हेही कायद्याचं काम आहे. प्राध्यापक हार्ट यांनी त्यांना उत्तर दिलं की नीती बदलणं म्हणजे समाज मोडणं नव्हे, आणि विस्कटतो म्हणता तर त्याचा पुरावा कुठाय? १९६७ मध्ये इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला. समाज विस्कटला नाही. आधीच्या काळात मात्र कित्येक माणसं तुरुंगात गेली आणि आयुष्यातून उठली, ते नुकसान अगदी खरं होतं आणि ते "समाजाच्या भल्यासाठी" केलेलं होतं.

आता "रेघ कोण मारणार" बद्दल. कोर्टात आम्ही हद्द कुठे हा प्रश्न सहसा तसा विचारतच नाही. आम्ही विचारतो अडवणाऱ्याने कारण दिलंय का. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २९ मध्ये निर्बंधांची सोय आहे, पण ते कायद्याने ठरलेले हवेत आणि इतरांचे हक्क, सार्वजनिक सुव्यवस्था, सर्वांचं हित अशा कारणांसाठीच हवेत. त्यात नीतीसुद्धा आहे, पण "लोकशाही समाजातली न्याय्य गरज" हे त्याला जोडलेलं आहे, कोणाची आवडनिवड तिथे पुरत नाही. मग पुढे बऱ्याच देशांतल्या कोर्टांनी चाळणी बसवली. अडवण्यामागचा हेतू योग्य आहे का, या उपायाने तो खरंच साधतो का, याहून कमी अडवून काम झालं असतं का, आणि मिळणारा फायदा हिरावलेल्या स्वातंत्र्याच्या मानाने पुरेसा आहे का. सीटबेल्ट यातून पार होतो, बेल्ट लावायला दोन सेकंद लागतात, तुम्ही कुठे जायचं, कोणाबरोबर जायचं, कसं जगायचं यातलं काहीच तो हिरावत नाही. दोन मुलींनी घरी कोणाला बोलवावं हे ठरवणारा नियम पहिल्याच प्रश्नाला अडकतो. गाणीवाल्याला सुद्धा "गाणी लावूच नको" म्हटलं तर ते जास्त झालं, "रात्री आवाज कमी कर" एवढं बरोबर.

बोलण्याच्या बाबतीत तर फारच सांभाळून राहावं लागतं. भरल्या थिएटरमध्ये खोटंच "आग आग" ओरडायचं स्वातंत्र्य कोणालाच नसतं, हे उदाहरण सगळ्यांनी ऐकलं असेल आणि पटतंही लगेच. पण ते आलं कुठून बघा. १९१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती होम्स यांनी ते लिहिलं, आणि कशासाठी, तर सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या एका समाजवादी कार्यकर्त्याची शिक्षा कायम करायला. कुठे थिएटरमधली चेंगराचेंगरी आणि कुठे सरकारच्या धोरणाला विरोध करणारं पत्रक! त्याच कोर्टाने १९६९ मध्ये निकष बराच कडक केला, बोलण्यातून लगेच बेकायदा कृत्य घडवायचा हेतू हवा आणि ते घडण्याची शक्यताही हवी, तरच शिक्षा. म्हणून मी नव्या वकिलांना नेहमी सांगतो, उदाहरण पटलं म्हणून निकाल पटवून घेऊ नका, समोरची केस खरंच त्या उदाहरणासारखी आहे का ते आधी तपासा. तुमच्या मीटिंगमध्ये गाणीवाल्याचं उदाहरण असंच ताजं ताजं हाताशी होतं.

श्रद्धेबद्दल, साधामाणूस, दुखावणं खरं असतं हे मी मानतो. पण ज्याला जास्त राग येतो त्याला जास्त संरक्षण असा नियम केला तर लोक राग वाढवायलाच शिकतात, आणि शांतपणे सहन करणाऱ्यालाच कमी मिळतं.

उत्तररात्र:

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मत बाजूला काढून बघायची कसोटी मला लगेच वापरता येईल. पण काळाकोट, एक अडचण राहतेच. इथे कोणी कायदा केलेलाच नाही ना. नोटीस नाही, ठराव नाही. फक्त लोक त्या मुलींशी बोलायचे थांबले, लिफ्टमध्ये बघून तोंड फिरवतात, आणि कोणीतरी घरमालकाला फोन करून "जरा बघा हो" म्हणून सांगितलं. त्यातली एक परवा मला म्हणाली की आम्ही दुसरं घर बघतोय. कोणी अडवलं का? नाही. मग त्यांचं स्वातंत्र्य गेलं का? तर गेलंच ना! याला कुठलं कोर्ट?

पाऊलवाट:

याचसाठी लॉगिन केलं. कायद्याने जेवढं अडवलं जातं त्याच्या कितीतरी पट माणसं एकमेकांना अडवतात, आणि त्याविरुद्ध अपील करायला जागा नसते. वर मिलचं नाव आलंय म्हणून सांगते, त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच हे लिहिलंय की समाजाचा जुलूम सरकारच्या जुलमापेक्षा भयंकर होऊ शकतो कारण त्यातून निसटायच्या वाटा कमी असतात, तो रोजच्या जगण्याच्या बारीकसारीक गोष्टींत शिरतो आणि थेट मनालाच गुलाम करतो. हे मी स्वतः बघितलंय. काही वर्षं मी एकटी राहिले, आणि हळूहळू मला कळेनासं झालं की एखादी गोष्ट मला नको आहे की लोक बघतील म्हणून नको आहे. दिवा कितीला बंद करायचा, हसण्याचा आवाज बाहेर जातोय का, कोणी भेटायला आलं तर दार उघडं ठेवायचं का. कोणी एका शब्दाने काही म्हटलेलं नव्हतं. इतकं थकायला व्हायचं त्याने.

आता न बोलणं हा गुन्हा आहे का, तर नाही, आणि नसावाच. मला जो आवडत नाही त्याच्याशी न बोलायचं स्वातंत्र्य मलाही हवंय. पण एकाने न बोलणं आणि सगळ्यांनी ठरवून एखादीला राहायची जागा सोडायला लावणं यात फरक आहे. पहिल्यात तुम्ही तुमच्या आयुष्यातून तिला वगळता. दुसऱ्यात तुम्ही तिच्या आयुष्यातला आधार काढून घेता, घर, नोकरी, पाणी, शिक्षण असं काहीतरी ज्याच्याशिवाय जगताच येत नाही. घरमालकाला केलेला तो फोन मला दुसऱ्या प्रकारातला वाटतो आणि म्हणून तो माझ्या लेखी नुसती नापसंती नाही, ती शिक्षा आहे, आणि ती देण्याआधी त्या मुलींना कोणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही.

स्वातंत्र्याला पायाखाली काहीतरी लागतं हे आपण विसरतो. फ्रान्समध्ये १७८९ ला स्वातंत्र्याची घोषणा झाली ती वर आलीच, पण त्याच फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरायला आणि स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडायला १९६५ साल उजाडावं लागलं. पश्चिम जर्मनीत तर बायकोने नोकरी करावी ती संसाराच्या जबाबदाऱ्या सांभाळून जमत असेल तरच, हे कायद्यात लिहिलेलं होतं, ते १९७७ मध्ये गेलं. त्या बायकांना रस्त्यावर फिरायला बंदी नव्हती, बोलायला बंदी नव्हती. पण हातात स्वतःचा पैसा नसेल तर नको असलेल्या घरातून बाहेर पडायचं कसं? इसाया बर्लिन या विचारवंतांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात दोन वेगळे प्रश्न मांडले होते, मला अडवणारं कोणी आहे का, आणि माझ्या आयुष्याचा मालक कोण आहे. त्यांना दुसऱ्या प्रश्नाची धास्ती होती, "तुझं खरं हित आम्हाला कळतं" म्हणणारे त्यातूनच निघतात म्हणून. ती धास्ती मला कळते. पण बाई म्हणून जगताना मला दुसरा प्रश्न टाकून देता येत नाही.

आणि साधामाणूस, तुमच्या दार उघडणाऱ्याबद्दल. मला तो मुद्दा फार जवळचा वाटला. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तिघांना एकमेकांपासून तोडता येत नाही, समतेशिवाय स्वातंत्र्य म्हणजे मूठभरांचं बाकीच्यांवर वर्चस्व, आणि बंधुता नसेल तर बाकी दोन्ही आपोआप टिकणार नाहीत, ती टिकवायला मग शिपाईच लागेल. म्हणजे तुम्ही म्हणता ती माया लागतेच. पण मायेने विचारलेलं आणि पाळत ठेवून विचारलेलं समोरच्याला लगेच कळतं हो. "उशीर झाला, जेवलीस का" आणि "उशीर झाला, कुठे होतीस". मला आजारपणात मदत करणाऱ्या बाईंनी मला कधीच दुसरा प्रश्न विचारला नाही. तेव्हा एक हवं आणि दुसरं नको असं जमतं, मी जमलेलं बघितलंय.

साधामाणूस:

पाऊलवाट ताई, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. घर सोडायला लावणं ही शिक्षा आहे हे मान्य, आणि बंधुतेचा मुद्दा तर मी मनात धरून होतो तोच तुम्ही चांगल्या शब्दांत सांगितलात.

पण दारूड्याचा प्रश्न कोणीच घेतला नाही. आणि त्याला जोडून अजून एक. "सज्ञान" म्हणता म्हणजे अठरा वर्षं पूर्ण झाली की रातोरात अक्कल येते का? व्यसनात बुडालेल्या माणसाची संमती ही संमती असते का? माझा पुतण्या वीस वर्षांचा आहे, मोबाईलवर पैसे लावून खेळतो, घरचे काही बोलले की व्यक्तिस्वातंत्र्य. त्याला जुगारात बुडू द्यायचं का, तो सज्ञान आहे म्हणून?

मोकळीवाट:

दारूच्या प्रश्नाला मिलचंच उत्तर आहे, ते मी आधी लिहायला हवं होतं असं नाही, पण आता विषय निघालाच आहे तर सांगतो. तो म्हणतो नुसतं दारू पिण्यासाठी शिक्षा नको, पण त्यापायी बायकापोरांना वाऱ्यावर सोडलं तर ती जबाबदारी मोडल्याबद्दल जरूर धरा. म्हणजे तुमचा तो ओळखीचा माणूस सुटत नाही. फक्त पकडायचं ते ग्लासावरून नाही, ज्यांचं देणं लागतो त्यांना दिलं की नाही यावरून. आणि खरं सांगायचं तर त्या आईला शिक्षेपेक्षा मदत हवी होती, घरच्यांना आधार आणि त्याला उपचार, त्यात कोणाच्याच स्वातंत्र्याचा प्रश्न येत नाही.

पुतण्याचं अवघड आहे. मिलकडे पुलाचं एक उदाहरण आहे. पूल पडायला आलाय, एक जण त्यावर पाऊल टाकतोय, सांगायला वेळ नाही, तर त्याला धरून मागे ओढलं तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला होत नाही कारण त्याला पलीकडे जायचंय, नदीत पडायचं नाहीये. पण त्याला धोका माहीत असेल आणि तरी जायचं असेल तर मिलच्या मते फक्त सावध करायचं. जुगाराचं ॲप त्या माणसाला पूल पक्का आहे असं भासवतं आणि पाय उचलू देत नाही, तशीच त्याची रचना असते, म्हणून तिथे ॲपवर बंधनं घालणं मला पूर्ण योग्य वाटतं. मुलाला कोंडून ठेवणं नाही वाटत. त्याच्याशी बोला, त्याचं कर्ज एकदम फेडून टाकू नका, तज्ज्ञाकडे न्या, आणि पैशाच्या मर्यादा त्याच्या संमतीने तो शुद्धीत असताना ठरवा.

संमतीबद्दल मात्र मी फार सावध आहे आणि त्याला कारण आहे. ज्या मिलची मी इतका वेळ बाजू घेतोय त्याने त्याच पुस्तकात लिहिलंय की हे तत्त्व मुलांना लागू नाही, ते ठीक, आणि पुढे, मागासलेल्या समाजांनाही लागू नाही, त्यांच्यासाठी हुकूमशाही चालेल, हेतू सुधारणेचा असला म्हणजे झालं. हा माणूस १८२३ ते १८५८ ईस्ट इंडिया कंपनीत नोकरीला होता. म्हणजे "अजून तुम्ही स्वातंत्र्यासाठी तयार नाही" हे वाक्य अख्ख्या देशांना ऐकवलं गेलं, बायकांना मताचा अधिकार नाकारताना ऐकवलं गेलं (स्वित्झर्लंडमध्ये तो देशपातळीवर १९७१ ला मिळाला), आणि प्रत्येक वेळी म्हणणाऱ्याला वाटत होतं की आपण समोरच्याचं भलंच बघतोय. त्यामुळे पुतण्याच्या बाबतीत "याला कळत नाही" हा निष्कर्ष घरातल्यांनी काढू नये, तो डॉक्टरला काढू दे, एका ठरावीक गोष्टीपुरता, ठरावीक काळापुरता, आणि त्या मुलाचं म्हणणं ऐकून. पैशापुरतं त्याला कळत नसेल तर पैशापुरतंच. त्याने कोणाशी मैत्री करावी, काय शिकावं, कुठे राहावं, हे त्याला अजूनही कळतं असंच धरून चला.